अनेक फेऱ्यांच्या पाहणीचा डेटा परदेशी तुलनेसाठी देताना

प्रश्न असा आला आहे: एका संस्थेत वीस वर्षांपासून त्याच कुटुंबांची दर दोन-तीन वर्षांनी पाहणी होते. आरोग्य, उत्पन्न, कुटुंबातले बदल, मृत्यू, सगळं नोंदलेलं आहे. आता अनेक देशांतल्या वयस्कांची तुलना करणाऱ्या एका परदेशी गटाने सर्व फेऱ्यांचा डेटा मागितला आहे. तो द्यावा का, कोणत्या स्वरूपात द्यावा, आणि नावं-पत्ते काढून टाकले की काम झालं का?

द्यावा. माझं मत याबाबत ठाम आहे. पण देणं म्हणजे फाइल पाठवून मोकळं होणं नव्हे. अशा पाहणीची खरी किंमत दोन गोष्टींत असते. पहिली म्हणजे तोच माणूस फेरीमागून फेरी ओळखता येणं. दुसरी म्हणजे प्रत्येक आकड्यामागे नेमका कोणता प्रश्न, कोणाला, कसा विचारला गेला हे माहीत असणं. पहिली गोष्ट डेटाला मौल्यवान करते आणि सहभागींना सर्वांत मोठा धोकाही तिथूनच असतो. दुसरी हरवली तर तुलना सुबक दिसते, पण खोटी निघते. तुमचा वेळ आणि पैसा या दोन ठिकाणी गेला पाहिजे.

आधी द्यावा का याबद्दल. एका देशात निवृत्तीचं वय सगळ्यांना सारखंच लागू असतं, त्यामुळे त्याचा माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो हे त्या देशात बसून शोधणं फार अवघड जातं. देश बदलला की नियम बदलतो आणि मग काहीतरी दिसू लागतं. 2010 साली सुझान रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस यांनी अमेरिकेची एचआरएस, इंग्लंडची एल्सा आणि युरोपातली शेअर या वयस्कांच्या तीन मोठ्या पाहण्यांचा डेटा एकत्र केला. देशादेशांतले पेन्शनचे नियम वेगळे असल्याचा फायदा घेऊन त्यांनी लवकर निवृत्त होण्याचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो हे तपासलं. लवकर निवृत्तीने स्मरणशक्ती घटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली. ती होऊ शकली कारण तोच डेटा दुसऱ्यांनाही उपलब्ध होता आणि तिन्ही पाहण्यांत दहा शब्द ऐकवून ते आठवायला सांगण्याची चाचणी जवळजवळ सारखी होती. हा सारखेपणा आपोआप आलेला नाही. 1992 मध्ये एचआरएस सुरू झाली, 2002 मध्ये एल्सा, 2004 मध्ये शेअर, 2011 मध्ये चीनची चार्ल्स, 2017-18 मध्ये भारताची लासी. प्रत्येकीने आधीच्यांच्या प्रश्नावल्या समोर ठेवून आपली प्रश्नावली बांधली. तुमची पाहणी या भावंड-पाहण्यांच्या कुटुंबाबाहेरची असेल, तर तुमच्या डेटाला तुलनेत बसवायला मेहनत जास्त लागेल, पण त्याचं मोल कमी होत नाही. उलट ज्या समाजांचा डेटा या कुटुंबात नाही, तेच समाज आजवरच्या निष्कर्षांतून सुटलेले आहेत.

आता नाव-पत्ता काढण्याबद्दल. ते पुरेसं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविम्याचा डेटा नावं काढून संशोधकांना दिला गेला होता. 1990च्या दशकात लटान्या स्वीनी यांनी तो मतदारयादीशी जोडला आणि त्यातून तिथले तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिन एवढ्यावर भागलं. पुढे त्यांनी दाखवलं की एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरू शकतात.

हा प्रकार एकदाच घेतलेल्या नोंदींचा होता. तुमच्याकडे वीस वर्षांच्या आहेत. समजा एक बाई दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधल्या काळात विधवा झाली, चौथ्या फेरीत तिच्या घरात जुळी नातवंडं आली, पाचव्यात ती मुलीकडे राहायला गेली आणि सहाव्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नोंद आहे. यातली प्रत्येक घटना हजारो जणांच्या आयुष्यात घडते. चारही याच क्रमाने, याच वर्षांत घडलेली बाई मात्र एकच असते. तिच्या शेजारणीला, सुनेला किंवा गावातल्या एखाद्या जाणकाराला ती ओळखायला पत्ता लागत नाही. आणि तिला ओळखलं की तिने मुलाखतीत सांगितलेलं सगळंच उघडं पडतं, म्हणजे कर्ज, मारहाण, नैराश्य, जे काही असेल ते.

यावर एक उपाय सुचवला जातो. प्रत्येक फेरीला वेगळे क्रमांक द्यायचे, म्हणजे माणसाचा माग काढता येणार नाही. कृपा करून हे करू नका. मग वीस वर्षं त्याच माणसांकडे जाण्याचा खटाटोप कशासाठी केला? क्रमांक सर्व फेऱ्यांत तोच ठेवा, पण तो नव्याने, यादृच्छिक पद्धतीने तयार केलेला असू द्या. अनेक संस्थांच्या मूळ क्रमांकातच जिल्हा, गाव, घर आणि कुटुंबातला क्रम असे आकडे ओळीने बसवलेले असतात. तो क्रमांक जसाच्या तसा बाहेर गेला तर पत्ता काढून उपयोग शून्य. जुना-नवा क्रमांक जोडणारी यादी विश्लेषण करणाऱ्यांपासून वेगळ्या व्यक्तीकडे, वेगळ्या संगणकावर ठेवा. नोंदींचा क्रमही ढवळून घ्या. मूळ फाइल गावानुसार लावलेली असेल तर नवे क्रमांक देऊनही गावांचे गठ्ठे तसेच राहतात, आणि हे अगदी हमखास विसरलं जातं.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सरळ आहेत. जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष द्या. मुलाखतीच्या तारखेऐवजी महिना आणि वर्ष द्या. फार वयस्क लोकांना एका वरच्या गटात टाका आणि फार मोठी उत्पन्नं एका मर्यादेवर थांबवा. दुर्मीळ व्यवसाय आणि छोटे समाजगट एकत्र करा. मुलाखतकाराने टिपलेली मोकळी वाक्यं मुळीच देऊ नका, त्यांत नावं लपलेली असतात. मुलाखतकाराचा क्रमांक मात्र बदलून का होईना, नक्की द्या. कोणी मुलाखत घेतली याचा उत्तरांवर परिणाम होतो आणि चांगला विश्लेषक तो तपासतोच. गावाचं स्थान द्यायचंच असेल तर लोकसंख्या आणि आरोग्याच्या डीएचएस पाहण्यांची पद्धत पाहा. तिथे शहरी क्लस्टरचा, म्हणजे नमुन्यातल्या घरांच्या गटाचा, नकाशावरचा बिंदू 2 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण बिंदू 5 किलोमीटरपर्यंत मुद्दाम हलवला जातो. ग्रामीण बिंदूंपैकी एक टक्का तर 10 किलोमीटरपर्यंत हलवतात, म्हणजे कोणत्याही बिंदूबद्दल खात्रीने काही सांगता येत नाही. पण एक लक्षात घ्या: तीच गावं फेरीमागून फेरी येत असतील तर बिंदू एकदाच हलवायचा आणि तोच कायम ठेवायचा. दर फेरीला नव्याने हलवलात तर सगळ्या बिंदूंची सरासरी काढून कोणीही खऱ्या गावाजवळ पोहोचेल.

हेच तत्त्व सगळीकडे लागू आहे. ओळख लपवण्याचे निर्णय सर्व फेऱ्यांचा एकत्र विचार करून घ्यावे लागतात. यंदा वयाचे पाच-पाच वर्षांचे गट दिले आणि दोन वर्षांनी सुधारित आवृत्तीत नेमकं वय दिलं, तर जुनी आवृत्ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी लपवलेलं सगळं उघडं झालं. धोका मोजण्यासाठी आर या संगणकभाषेतलं एसडीसीमायक्रो हे मोफत पॅकेज चांगलं आहे. त्यातून किमान किती जणांची माहिती एकमेकांसारखी दिसते हे कळतं. ते फेरीनिहाय न चालवता सगळ्या फेऱ्या एका ओळीत जोडून चालवा. येणारा आकडा पाहून धक्का बसेल, आणि तो बसायलाच हवा.

कायद्याची बाजू थोडक्यात. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. नावाऐवजी क्रमांक घातलेला, पण नाव-क्रमांक जोडणारी यादी कुठेतरी जपलेली असलेला डेटा त्यात साधारणपणे वैयक्तिक डेटाच मानला जातो. तेव्हा आमचा डेटा निनावी आहे असं करारात लिहिण्याआधी दोनदा विचार करा. मृत व्यक्तींना हा कायदा लागू होत नाही. पण वयस्कांच्या पाहणीत मृतांची नोंद ही त्यांच्या हयात जोडीदाराच्या आणि मुलांच्या नोंदीशी जोडलेली असते, त्यामुळे ती तितक्याच काळजीने हाताळली पाहिजे.

कायद्याआधी संमतीपत्र येतं. पहिल्या फेरीची, दुसऱ्या फेरीची, प्रत्येक फेरीची संमतीपत्रं काढा आणि शब्द न् शब्द वाचा. वीस वर्षांपूर्वीच्या संमतीपत्रात ही माहिती फक्त या संस्थेतच वापरली जाईल असं लिहिलेलं असू शकतं. तसं वचन दिलं असेल तर ते पाळायचं असतं. मात्र म्हणून दार कायमचं बंद होतं असं नाही. पुढच्या फेरीत नव्याने, स्पष्ट शब्दांत संमती घ्या, आधीच्या फेऱ्यांतल्या माहितीसाठीही घ्या, आणि नकार देणाऱ्यांना पाहणीतून न वगळता फक्त बाहेर जाणाऱ्या फाइलमधून वगळा. जे वारले किंवा ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्याबद्दल नैतिकता समितीपुढे लेखी प्रस्ताव ठेवा. अशा वेळी मधला मार्ग म्हणून डेटा संस्थेबाहेर न जाता बाहेरच्या संशोधकाने संस्थेत येऊन वापरण्याची मुभा अनेक समित्या देतात. रक्ताचे नमुने, जनुकीय माहिती, रुग्णालयाच्या किंवा पेन्शनच्या नोंदींशी केलेली जोडणी यांचा विचार पूर्णपणे वेगळा करा. सहभागीने घरी बसून दिलेल्या उत्तरांची संमती या गोष्टींना आपोआप लागू होत नाही.

इथून प्रवेशाच्या पायऱ्यांचा प्रश्न येतो. एकाच फाइलने सगळ्यांना खूश करण्याचा प्रयत्न सोडून द्या. एचआरएस नोंदणी केलेल्या कोणालाही मुख्य फाइल मोफत देते, पण जोडलेल्या प्रशासकीय नोंदींसारखा नाजूक भाग वेगळ्या अर्जाने आणि कडक अटींवर देते. देशोदेशींच्या उत्पन्नाचा डेटा एकत्र करणारी, 1983 मध्ये सुरू झालेली लक्झेंबर्ग इन्कम स्टडी याच्याही पुढच्या पद्धतीने काम करते. तिथे वापरकर्त्याला मूळ नोंदी कधीच दिसत नाहीत. तो आपला प्रोग्रॅम पाठवतो, तो त्यांच्या संगणकावर चालतो आणि फक्त तक्ते परत येतात. जर्मनीच्या एसओईपी या 1984 पासून चाललेल्या कुटुंब-पाहणीने युरोपबाहेरच्या संशोधकांना बराच काळ 95 टक्केच कुटुंबांचा नमुना दिला. विश्लेषणावर त्याचा फारसा परिणाम होत नाही, पण आपल्या ओळखीचा माणूस या फाइलमध्ये आहेच, असं कोणालाही खात्रीने म्हणता येत नाही. मला ही युक्ती फार आवडते. फारशी तांत्रिक तयारी नसलेल्या संस्थेलाही ती जमते.

तुमच्या बाबतीत मी दोनच पायऱ्या ठेवेन. पहिली, नोंदणी आणि करारानंतर मिळणारी संशोधन-फाइल. तिच्यात गावाची ओळख नाही, तारखा ढोबळ, दुर्मीळ गट एकत्र. दुसरी, नेमक्या तारखा, स्थान आणि जोडलेल्या नोंदी असलेली फाइल, जी फक्त तुमच्या सुरक्षित संगणकावर किंवा दुरून प्रोग्रॅम चालवून वापरता येईल. पूर्ण खुली तिसरी पायरी तुमच्या पाहणीसाठी मला योग्य वाटत नाही. छोट्या भौगोलिक क्षेत्रातली, सर्व फेऱ्यांची फाइल खरोखर निनावी करायची तर तिच्यातून इतकं काढावं लागेल की उरलेल्यातून कोणाचंच काम होणार नाही.

आता ज्या भागाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं तिथे येतो. परदेशी गट तुमच्याकडे बहुधा व्हेरिएबलची, म्हणजे हव्या असलेल्या माहितीच्या रकान्यांची, यादी पाठवेल. नैराश्य, स्वतःच्या आरोग्याबद्दलचं मत, शिक्षण, उत्पन्न, दैनंदिन हालचाली. तुम्हाला वाटेल, हे सगळं आपल्याकडे आहे. आणि इथेच घोडं पेंड खातं.

नैराश्य घ्या. एचआरएस त्यासाठी सीईएस-डी या मापनश्रेणीचे आठ प्रश्न विचारते आणि उत्तर हो किंवा नाही असं घेते. चार्ल्स त्याच श्रेणीचे दहा प्रश्न विचारते, पण गेल्या आठवड्यात किती दिवस असं वाटलं याचे चार पर्याय देते. शेअर तर ही श्रेणीच वापरत नाही. तिच्याकडे बारा प्रश्नांची युरो-डी आहे, आणि तिचा रोख गेल्या आठवड्यावर नसून गेल्या महिन्यावर असतो. तिन्ही फाइल्समध्ये या व्हेरिएबलचं नाव नैराश्यच असेल. त्यांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी मांडल्या तर तक्ता निघेल, पण त्या तक्त्यातला फरक माणसांचा आहे की प्रश्नांचा हे कोणीच सांगू शकणार नाही.

प्रश्न शब्दशः एकच असला तरी उत्तराची पट्टी देशागणिक बदलते. गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 2004 मधलं काम याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आहे. सरकारने एखाद्या प्रश्नाकडे लक्ष द्यावं यासाठी तुमचं किती चालतं, असा प्रश्न चीन आणि मेक्सिकोतल्या लोकांना विचारला. थेट उत्तरं पाहिली तर चीनमधल्या लोकांचं जास्त चालतं असं निघालं, तेही जिथे स्पर्धात्मक निवडणुकाच नव्हत्या. मग त्यांनी सगळ्यांना त्याच काल्पनिक माणसांची छोटी वर्णनं ऐकवली आणि या माणसाचं किती चालतं असं विचारलं. त्या उत्तरांच्या आधाराने पट्टी सारखी केल्यावर क्रम उलटला. स्वतःच्या आरोग्याबद्दलच्या मताचंही असंच होतं. म्हणून तुमच्याकडे अशा वर्णनांचे प्रश्न असतील, किंवा पकडशक्ती, चालण्याचा वेग, रक्तदाब अशी मोजमापं असतील, तर तीच तुमच्या डेटातली तुलनेसाठी सर्वांत भक्कम गोष्ट आहे हे परदेशी गटाला आवर्जून सांगा. पण मोजमापाचं उपकरण कोणतं होतं, किती वेळा मोजलं, बसून की उभं राहून, हेही सांगा. पकडशक्ती दोन्ही हातांनी दोनदा मोजून सर्वांत मोठा आकडा घेतला की सरासरी घेतली, यावरून देशादेशांतला क्रम बदलू शकतो.

बुद्धीच्या चाचण्यांत शाळेचा प्रश्न आडवा येतो. वाचता-लिहिता न येणाऱ्या माणसाला कागदावर आकृती काढायला सांगितली किंवा शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तर मोजलं जातं ते बऱ्याच अंशी त्याचं शालेय शिक्षण. म्हणून एचआरएस आणि तिच्या भावंड-पाहण्यांनी स्मृतिभ्रंशासाठी एचसीएपी नावाचा समान चाचणीसंच तयार केला आणि भारतातल्या लासी-डॅड अभ्यासात तो निरक्षर सहभागींनाही देता येईल असा बदलून घेतला. तुम्हीही तुमच्या चाचण्यांत असे बदल केले असतील, तर ते कमीपणा म्हणून लपवू नका. तेच तपशील तुलना करणाऱ्याला हवे असतात.

शिक्षणासाठी युनेस्कोची आयएससीईडी ही वर्गवारी आहे, तिची 2011 ची आवृत्ती सध्या चालते. मात्र तुमच्या मूळ नोंदीही सोबत द्या, म्हणजे पूर्ण केलेली इयत्ता, परीक्षा उत्तीर्ण की नाही, सगळं. वर्गवारीतून मूळ उत्तरापर्यंत परत जाता येत नाही. उत्पन्नाचं तर विचारूच नका. काही देशांत महिन्याचा पगार विचारतात, काहींत वर्षभराचं घरचं उत्पन्न, आणि जिथे बहुतेकांना पगार नसतो तिथे खर्च विचारतात. खर्च आणि उत्पन्न यांची विषमता एकाच तक्त्यात शेजारी ठेवणं म्हणजे सरळ चूक आहे, कारण खर्चाची विषमता साधारणपणे कमीच दिसते. चलनाचं रूपांतर बाजारभावाने न करता क्रयशक्तीच्या समतेने, म्हणजे तेवढ्या पैशात तिथे काय विकत येतं यावरून, करायचं असतं, पण ते काम वापरणाऱ्याला करू द्या. तुम्ही स्थानिक चलनातली रक्कम, तिचा कालावधी आणि मुलाखतीचा महिना द्या.

यातून माझा मुख्य सल्ला निघतो. परदेशी गटाच्या साच्यात बसवलेली फाइल तयार करून मूळ फाइल मागे ठेवणं टाळा. मूळ उत्तरं द्या, आणि हवी तर साच्यात बसवलेली व्हेरिएबल जोडीला वेगळ्या नावाने, ती कशी तयार केली त्या प्रोग्रॅमसकट द्या. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून चालणारं गेटवे टू ग्लोबल एजिंग डेटा हे काम वर्षानुवर्षं अशाच पद्धतीने करतं. तिथे व्हेरिएबलच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावरून ते उत्तरदात्याचं, जोडीदाराचं की कुटुंबाचं हे कळतं, पुढच्या आकड्यावरून फेरी कळते, आणि कोणत्या देशात प्रश्न कुठे वेगळा होता याची टीप प्रत्येक ठिकाणी असते. तुमच्या नामकरणासाठी हाच नमुना उचला, नवी पद्धत शोधत बसू नका.

दस्तऐवजांत काय हवं? प्रत्येक फेरीची, प्रत्येक भाषेतली, प्रत्यक्ष विचारली गेलेली प्रश्नावली. इंग्रजी भाषांतर जोडा, पण मूळ भाषेला पर्याय म्हणून नव्हे. कोणता प्रश्न कोणाला गाळला याचे नियम. दाखवलेली कार्डं. मुलाखतकारांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका, कारण अडलेल्या उत्तराचं काय करायचं हे प्रश्नावलीत नसतं, तिथे असतं. फेऱ्यांमध्ये प्रश्नाचे शब्द कुठे बदलले याचा तक्ता. कोणाच्या वतीने दुसऱ्याने उत्तर दिलं त्याची खूण, कारण स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मुलाखती बहुधा तशाच होतात. उत्तर नाही, माहीत नाही, नकार, प्रश्न लागूच नाही, या चारांना वेगळे संकेत, आणि ते सर्व फेऱ्यांत एकच. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली, त्या वेळी दुष्काळ, पूर, साथ असं काही होतं का, आणि 2020-21 मध्ये घरी जाण्याऐवजी फोनवर विचारलं का, हेही लिहा. डेटाचं वर्णन लिहिण्याच्या डीडीआय या मानकात हा सगळा तपशील बसवता येतो आणि त्यावर चालणारं नाडा हे कॅटलॉगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

हे काम करायला सर्वांत योग्य माणसं म्हणजे तुमच्या पहिल्या फेऱ्यांचे पर्यवेक्षक. अमुक गावात तिसऱ्या फेरीला नकार का वाढले हे त्यांनाच माहीत आहे आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. ते निवृत्त होण्याआधी त्यांच्यासोबत बसा, त्यांना मानधन द्या, आणि त्यांची नावं दस्तऐवजावर छापा.

गळतीबद्दल दोन शब्द. अनेक फेऱ्यांच्या पाहणीत कोण सुटलं हे कोण सापडलं याइतकंच महत्त्वाचं असतं. इंडोनेशियाच्या आयएफएलएस या 1993 मध्ये सुरू झालेल्या पाहणीने दुसरीकडे राहायला गेलेल्यांचा माग काढला आणि पुढच्या फेरीत 90 टक्क्यांहून जास्त मूळ कुटुंबं परत गाठली. ज्या पाहण्या स्थलांतरितांना सोडून देतात त्यांच्यात मागे राहिलेले म्हातारे आणि आजारी लोक अधिक उरतात, आणि देशाचं आरोग्य खालावल्यासारखं दिसतं. म्हणून प्रत्येक फेरीत प्रत्येक मूळ सहभागीची स्थिती द्या: मुलाखत झाली, नकार, सापडला नाही, स्थलांतर, मृत्यू. मृत्यू आणि सापडला नाही यांची गल्लत झाली तर आयुर्मानाचे सगळे हिशेब बिघडतात. भारांक, म्हणजे नमुन्यातला एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने धरायचा ते आकडे, प्रत्येक फेरीसाठी वेगळे आणि सर्व फेऱ्यांत राहिलेल्यांसाठी वेगळे द्या, आणि ते कसे काढले ते लिहा. अनेक देश एकत्र करताना हे भारांक जसेच्या तसे वापरले तर चीन-भारतासारखे देश सगळा निकाल आपल्याकडे ओढतात, हे त्या गटाला माहीत असेलच. तरीही ते काय करणार आहेत हे विचारा.

करारात डेटा वापरणाऱ्याने हे लिहून द्यावं असा माझा आग्रह असतो: कोणालाही ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही, चुकून ओळख पटली तर लगेच कळवेन, डेटा पुढे कोणाला देणार नाही, ठरलेल्या विषयासाठी आणि मुदतीपुरताच वापरेन, पाच-दहा जणांपेक्षा छोट्या गटांचे आकडे छापणार नाही, विश्लेषणाचा प्रोग्रॅम तुम्हाला देईन, आणि डेटाचा कायमस्वरूपी डीओआय क्रमांक देऊन उल्लेख करेन. निष्कर्ष छापण्याआधी तुमची परवानगी लागेल, अशी अट मात्र घालू नका. ती घातली की त्या संशोधनावरचा विश्वासच उडतो. त्याऐवजी मसुदा चार आठवडे आधी दाखवण्याची अट ठेवा, म्हणजे प्रश्नाचा चुकीचा अर्थ लावला असेल तर तुम्ही सांगू शकाल. एखाद्या समाजगटावर शिक्का बसेल अशा मांडणीबद्दलही तिथेच बोलता येतं.

श्रेयाचा मुद्दा संकोच न करता मांडा. आफ्रिका आणि आशियातल्या लोकसंख्या-निरीक्षण केंद्रांनी 1998 मध्ये इनडेप्थ नेटवर्क उभं केलं. बांगलादेशातल्या मतलबसारख्या, 1966 पासून अखंड नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांच्या या जगात एक गोष्ट वारंवार दिसत आली आहे: शेतातून, चिखलातून घरोघरी जाऊन डेटा गोळा करणारी माणसं एका देशात असतात आणि लेखांवरची पहिली नावं दुसऱ्या देशातली. डेटा अडवून धरणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण मग तुमचेच तरुण संशोधक तुलनेच्या बाहेर राहतात. तुमच्या दोन तरुण विश्लेषकांना त्यांच्या गटात सामील करून घ्या, त्यांचा खर्च प्रकल्पातून द्या, आणि निदान एका लेखाचं नेतृत्व त्यांच्याकडे असू द्या, अशी मागणी करा. स्वतःच्या वापरासाठी काही काळ डेटा राखून ठेवायचा असेल तर तारीख ठरवून ठेवा, उदाहरणार्थ नवी फेरी पूर्ण झाल्यापासून बारा महिने. आमचे लेख होईपर्यंत, असं लिहिलं की ती मुदत कधीच संपत नाही.

पैशांचं काय? डेटा मोफत द्या, पण तो तयार करण्याचा खर्च मागा. ओळख लपवणं, दस्तऐवज लिहिणं, शंकांना उत्तरं देणं हे एका पूर्ण वेळच्या माणसाचं काम आहे. ते संध्याकाळी वेळ मिळाला तर करण्यासारखं नाही. आणि प्रत फक्त एका ठिकाणी ठेवू नका. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची परकीय मदत थांबली तेव्हा 1984 पासून चाललेला डीएचएस कार्यक्रम ठप्प झाला आणि नव्या संशोधकांचे डेटासाठीचे अर्जही थांबले. स्वतःच्या पाहणीची पूर्ण प्रत आणि दस्तऐवज जवळ असतील तर अशा वेळी काम अडत नाही. तुमची प्रत तुमच्या संस्थेत, दुसरी एखाद्या प्रस्थापित डेटा-संग्रहात, आणि सगळं साध्या मजकूर स्वरूपातही, कारण आजचं सॉफ्टवेअर आणखी वीस वर्षांनी उघडेलच याची शाश्वती नाही.

त्या गटाला आता लगेच काय उत्तर द्यायचं? डेटा पाठवू नका, नकारही देऊ नका. त्यांना कोडबुक (प्रत्येक व्हेरिएबलचा अर्थ आणि संकेत सांगणारी पुस्तिका), प्रश्नावल्या आणि तुमच्या संमतीपत्रांचे कोरे नमुने पाठवा, आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी मागवा: संशोधनाचा प्रश्न, नेमकी व्हेरिएबल आणि फेऱ्यांची यादी, आणि बाकीच्या देशांत तेच प्रश्न कसे विचारले गेले त्याचा तक्ता. सगळ्या फेऱ्यांचं सगळं हवं असं म्हणणाऱ्या गटाची यादी हा तक्ता करताना बहुतेक वेळा निम्म्यावर येते. मग एचआरएस-शेअरच्या धर्तीवरच्या दोन फेऱ्यांचा छोटा भाग तयार करा, तो आधी तुमच्याच एखाद्या अशा विश्लेषकाला वापरायला द्या ज्याने ही पाहणी कधी पाहिलेली नाही, आणि कोडबुक वाचून त्याला तुमचा जुना प्रसिद्ध तक्ता पुन्हा काढता येतो का ते बघा. तो आकड्यासकट जुळला की पहिला हप्ता पाठवा.